इंडेक्स फंड निवडताना फक्त खर्चाचा टक्का पाहावा का? आणि परतावा नेमका कसा मोजावा?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एकाच निर्देशांकाची नक्कल करणारे तीन इंडेक्स फंड समोर असतील तर सर्वांत कमी एक्स्पेन्स रेशोचा, म्हणजे वार्षिक खर्चाचा टक्का सर्वांत कमी असलेला, डोळे झाकून घ्यावा का? आणि वर्षभर दरमहा १०,००० भरून १,२७,२०० झाले, म्हणजे परतावा ६ टक्केच ना?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही आपल्याच गुंतवणुकीवर अन्याय करताय. १,२०,००० वर ७,२०० नफा म्हणून ६ टक्के, हे सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरले असते तर बरोबर होतं. पण तुमचा पहिला हप्ता बारा महिने गुंतलेला होता आणि शेवटचा जेमतेम एक. सरासरी पाहिलं तर पैसा साडेसहा महिनेच कामाला होता. तारखा धरून मोजलं तर हाच परतावा वार्षिक सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास येतो. मीही सुरुवातीला असाच भागाकार करायचो. त्या आकड्याची तुलना मुदत ठेवीच्या व्याजाशी केली आणि एक चांगला फंड विकून मोकळा झालो. त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय.

स्प्रेडशीटमध्ये एका स्तंभात तारखा आणि शेजारी रकमा लिहा. भरलेले हप्ते उणे चिन्हाने, शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य अधिक चिन्हाने. त्यावर एक्सआयआरआर (XIRR) हे सूत्र लावा, ते प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक परतावा काढतं. एकरकमी गुंतवणुकीला सीएजीआर, म्हणजे चक्रवाढीने काढलेला वार्षिक वाढीचा दर, पुरतो. दरवर्षीच्या परताव्यांची साधी सरासरी मात्र काढू नका: १०० चे ५० टक्के घटून ५० झाले, पुढच्या वर्षी ५० टक्के वाढून ७५. सरासरी शून्य, पण गाठीचे २५ गेले. आणि हो, फंडाचा खर्च रोजच्या एनएव्हीतूनच (फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच) कापलेला असतो, तो परताव्यातून पुन्हा वजा करायचा नाही.

आता निवड. १९७६ साली जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड आणला, तो बाजाराचा परतावा कमीत कमी खर्चात द्यायचा म्हणून. त्यामुळे खर्च बघायलाच हवा. बाजाराने वर्षाला १० टक्के दिले असं धरा. १ लाखाचे ३० वर्षांनी ०.२ टक्के खर्चात साधारण १६.५ लाख होतात, १ टक्का खर्चात १३.३ लाख. फरक मूळ रकमेच्या तिपटीहून जास्त!

पण तुमच्या तीन फंडांत फरक ०.०५ टक्क्याचा असेल, तर माझ्या मते निर्णय तिथे होत नाही. तिथे ट्रॅकिंग डिफरन्स पाहा, म्हणजे फंडाचा प्रत्यक्ष परतावा निर्देशांकाच्या किती मागे राहिला ते. खर्चाशिवाय व्यवहारांचा भार आणि रिकामी पडलेली रोकडही त्यात येते. किमान तीन-पाच वर्षांचे आकडे घ्या आणि तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशीच, म्हणजे लाभांशही धरलेल्या निर्देशांकाशीच करा. बातम्यांत दिसणाऱ्या निर्देशांकात लाभांश धरलेला नसतो, त्याच्यापुढे सुमार फंडही चांगला वाटतो.

जमलं तर एकदा हेही करून पाहा: तुमच्या त्याच तारखांना तेच हप्ते त्या टोटल रिटर्न इंडेक्समध्ये गेले असते असं धरून त्याचा एक्सआयआरआर काढा. तुमच्या फंडाचा आकडा त्याहून जेवढा कमी भरेल, तेवढा तुम्ही दरवर्षी खरोखर मोजत असलेला खर्च.