आधी ऐकव

पोरी,

तुझी बावीस स्लाइड्सची फाइल दोनदा पाहिली. कल्पना चांगली आहे हे तुलाही ठाऊक आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. मिक्सिंग करणाऱ्याच्या (गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्याच्या) कानांवर दिवसभरात किती आवाज पडला याचा हिशेब ठेवायचा आणि ‘आता ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण आवाज) उद्या बघ’ असं बजावणारी डबी करायची. पण बाविसांपैकी एकाही पानावर आवाज नाही. आणि आपला धंदा आवाजाचा!

तू म्हणतेस, बारा तास स्टुडिओत जातात, मापनाचा माइक नाही, मालक म्हणतात आधी डिलिव्हरी. खरंय सगळं. पण आत्ता डबी हवीच कशाला? सकाळी ताज्या कानांनी एका गाण्याची दोन मिनिटं मिक्स कर. रात्री निघताना सगळे ईक्यू (खालचे-वरचे आवाज कमीजास्त करायची बटणं) सपाट करून, सकाळचं न ऐकता, तीच दोन मिनिटं पुन्हा कर. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकाच लेव्हलला आण (हे विसरलीस तर जे जोरात वाजेल तेच सगळ्यांना बरं वाटेल) आणि मालकांना ऐकव. रात्रीचं मिक्स कानाला टोचलं तर स्लाइड्स लागणारच नाहीत. नाही टोचलं, तर तेही आत्ताच कळू दे.

किती आवाजात किती वेळ राहावं याचा तक्ता टाकलायस तो बरोबर आहे: 85 डेसिबलला आठ तास, 88 ला चार, दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. पण तो ऐकू येणं कायमचं कमी होऊ नये म्हणून केलेला आहे. थकलेला कान ट्रेबल किती चुकीचा जोखतो, हे त्यात नाही. ते कागदावर सापडायचंही नाही. आधी ऐकव.

माझीही एक वही आहे. स्टेजवर माइक शिट्टी मारायला लागला की ती नेमकी फ्रिक्वेन्सी आपोआप शोधून तेवढीच कापणारं सर्किट मी त्यात काढलं होतं. आकृती घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, गायकाने लांबवलेला सूरही कापशील की! मला उत्तर सुचलं नाही. वही मिटली. फीडबॅक (माइकची ती शिट्टी) एकाच फ्रिक्वेन्सीवर वाढत जातो, गळ्यातल्या सुराला वरचे हार्मोनिक्स (त्याच्या पटीतले सूर) असतात. ब्रेडबोर्डवर (सर्किट जोडून बघायच्या पाटीवर) आठवडाभर झटापट केली असती तर हा फरक मलाही दिसला असता. पुढे तसलं यंत्र बाजारात आलं. मी विकतही घेतलं.

तेव्हा घर माझ्या पगारावर होतं, रात्रीच्या ड्यूट्या होत्या, सुटे भाग स्वतःच्या खिशातून आणावे लागत. भित्रा नव्हतो मी. हे मी कितीदा सांगितलंय कुणाकुणाला! पण रविवार तर होते ना.

हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला निगेटिव्ह फीडबॅकची (अॅम्प्लिफायरमधून निघालेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायची) कल्पना 1927 च्या ऑगस्टमध्ये कामावर जाताना फेरीबोटीत सुचली. हाताशी होतं ते वर्तमानपत्र, त्यावरच त्याने आकृती काढली. डिसेंबर संपायच्या आत त्याचा अॅम्प्लिफायर चालत होता. अर्ज 1928 चा, अमेरिकेतलं पेटंट मिळालं 1937 मध्ये. पण तोवर दाखवायला चालतं यंत्र होतं. स्टिरिओचं पेटंट मागणारा ब्रिटिश इंजिनिअर ब्लमलाइनही 1931 च्या अर्जावर थांबला नाही. माणसांना इकडून तिकडे चालत बोलायला लावून त्याने 1935 मध्ये स्टिरिओ आवाजाची फिल्म केली. स्टिरिओ रेकॉर्डी दुकानांत आल्या 1950 च्या दशकाच्या अखेरीस. तो 1942 मध्येच विमान अपघातात गेला होता. बाजार उशिरा येतो, कधी कधी येतच नाही. तो तुझ्या हातात नाही. ऐकवणं आहे.

‘कल्पना चोरली तर?’ असं विचारलंयस. अगं, माझी कुणी चोरली नाही. ती वहीतच होती. तारीख घालून लिहून ठेव, पेटंटच्या जाणकाराला विचार, आणि तोवर निदान मालकांना तरी ऐकव. दोन मिक्स ऐकवताना डबीचं नावही काढावं लागत नाही.

रविवारी अकरानंतर मी मोकळा आहे. दोन्ही फाइल्स घेऊन ये, सकाळची कुठली ते सांगू नकोस. माझे कान आता वरचं फारसं ऐकत नाहीत, म्हणून एखादं तरुण माणूसही बरोबर आण. लॅपटॉप आणलास तरी ती बावीस पानं उघडायची नाहीत.

तुझा,
वहीवाला काका