वाचकांचे प्रश्न : गाठ तेवढीच काढायची की सगळंच?

गेल्या अंकात स्तनाच्या कॅन्सरवर लिहिताना मी म्हटलं होतं की गाठ लवकर सापडली तर बऱ्याच जणींना पूर्ण स्तन काढायची गरज पडत नाही. त्या एका वाक्यावर खानापूर, निपाणी, शहापूर, कंग्राळी, सगळीकडून पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले, काही जणींनी तर रिपोर्टचे फोटोच पाठवले. मी मेडिकल स्टॅटिस्टिक्सची माणूस, ऑपरेशन करणारी डॉक्टर नव्हे, त्यामुळं कुणाच्या रिपोर्टवर मत देणार नाही. ट्रायलमध्ये, म्हणजे बायकांचे गट करून उपचार ताडून बघणाऱ्या अभ्यासात, काय दिसलं आणि ते आकडे कसे वाचायचे ते मात्र मनापासून सांगते.

ताई, आईला (वय ५४) उजव्या बाजूला गाठ निघालीय, दोन सेंटिमीटरच्या आसपास. बेळगावात दाखवलं, डॉक्टर म्हणाले फक्त गाठ काढू आणि नंतर रेडिएशन देऊ. घरात सगळे म्हणूलालेत अर्धवट काम कशाला, सगळंच काढून टाका. आत्या म्हणते हरळी मुळासकट उपटली नाही तर परत येतीच. बाबांना पण तेच पटलंय. काय करावं?
— एक मुलगी, खानापूर तालुका

आत्यांचं म्हणणं वेडेपणाचं नाही बघ. जवळजवळ ऐंशी वर्षं जगातले मोठमोठे सर्जन हेच मानत होते. अमेरिकेत हाल्स्टेड नावाच्या सर्जननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे ऑपरेशन रूढ केलं त्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या रसग्रंथी (लिम्फ नोड) असं सगळंच काढायचे, कारण समजूत अशी की रोग एका जागेवरून हळूहळू बाहेर पसरत जातो, तेव्हा जितकं लांबपर्यंत काढाल तितकं चांगलं. बायका वाचायच्या काही, पण हात वर होईना, हाताला कायमची सूज, छातीच्या फासळ्या दिसायच्या.

मग पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर म्हणायला लागले की या रोगाच्या पेशी फार लवकर रक्तातून पुढे गेलेल्या असू शकतात, आणि तसं असेल तर छातीवर कितीही मोठं कापलं तरी त्या हाताला लागणार नाहीत, आणि गेलेल्या नसतील तर एवढं मोठं कापायची गरजच नाही. त्यांना बऱ्याच सर्जन लोकांनी विरोध केला. पण त्यांनी वाद घालत न बसता ट्रायल केली. १९७६ पासून, चार सेंटिमीटरपर्यंत गाठ असलेल्या बायकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट केले: एका गटाचं पूर्ण स्तन काढलं, दुसऱ्याची फक्त गाठ, तिसऱ्याची गाठ काढून वर रेडिएशन. १८५१ जणींचा वीस वर्षांचा हिशोब २००२ साली छापून आला. वीस वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत सारखंच, ४६-४७ टक्क्यांच्या आसपास. त्याच वर्षी इटलीतल्या मिलानच्या उम्बर्तो वेरोनेसींच्या ट्रायलचा पण वीस वर्षांचा निकाल आला, तिथं ७०१ बायका होत्या, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे तुझ्या आईसारखीच, आणि तिथंही स्तनाच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू दोन्हीकडं जवळपास सारखे, २४ आणि २६ टक्के.

(४६ टक्के वाचून घाबरू नका. त्या बायका सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या, शिवाय वीस वर्षांत इतर कारणांनी गेलेल्याही मृतांत मोजल्यात. तेव्हा आजची औषधं नव्हती.)

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी घरात कुणी बोलत नाही. फिशर यांच्या ट्रायलमध्ये नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या बायकांमध्ये त्याच स्तनात रोग परत आला १०० पैकी ३९ जणींना, आणि रेडिएशन घेतलेल्यांमध्ये १४ जणींना. म्हणजे छोटं ऑपरेशन आणि रेडिएशन ही जोडी आहे, एक घेऊन दुसरं सोडायचं नाही. तेव्हा डॉक्टरांना आत्ताच विचारा की रेडिएशन किती आठवडे, रोज यावं लागेल का, खानापूरच्या आतल्या गावातून रोज बेळगावला येणं पावसाळ्यात जमणार का, की कुणा पाहुण्यांकडं राहायची सोय करायची. पूर्वी पाच आठवडे लागायचे, मग ट्रायल्स करून ते तीनवर आले, आणि २०२० साली ब्रिटनमधल्या चार हजारांवर बायकांच्या ट्रायलमध्ये एका आठवड्यात पाच वेळा दिलेलं रेडिएशन पण रोग रोखायला तीन आठवड्यांपेक्षा कमी पडलं नाही. तुमच्याकडं कुठली पद्धत आहे ते विचारायला लाजू नका. खरंच येणं जमणार नसेल तर पूर्ण स्तन काढणं हा सरळ, चांगला निर्णय आहे, त्यात हरल्यासारखं काही नाही. गाठी वेगवेगळ्या जागी असतील, आधी कधी छातीला रेडिएशन झालं असेल, किंवा स्तनाच्या मानानं गाठ फार मोठी असेल तरी डॉक्टर तेच सांगतात, मोठ्या गाठीला कधीकधी आधी किमो देऊन लहान करून बघतात. ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आल्यात का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, ते पण विचारायचं, नसतील तर परत थोडं काढावं लागतं.

आणि तुझ्या पत्रात आत्या आहेत, बाबा आहेत, डॉक्टर आहेत, आईला काय पाहिजे ते कुठंच नाही. जगण्याचा हिशोब दोन्हीकडं सारखा असेल तर मग पुढचं ठरवायचा हक्क तिचाच आहे. काहीजणींना स्तन राहिलेलं हवं असतं, काहीजणी म्हणतात मला रोज तिकडं बघून धास्ती नको, काढा. दोन्ही बरोबर. तिला एकटीला बसवून विचार.

मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की टाटा हॉस्पिटलनं एक साधं भुलीचं इंजेक्शन शोधलंय आणि त्यानं कॅन्सरचे मृत्यू २९ टक्क्यांनी कमी होतात. माझ्या वहिनीचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, तिला आता ते देता येईल काय? खरं आहे की फॉरवर्ड आहे?
— एक वाचक, हिंडलगा

खरं आहे, आणि आपल्या देशातल्या अकरा सेंटरमध्ये मिळून झालेलं काम आहे याचा मला फार अभिमान वाटतो. फक्त मेसेजमध्ये अर्धंच आलंय. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६०० बायका घेतल्या, ज्यांचं आधी किमो न देता थेट ऑपरेशन होणार होतं अशा. अर्ध्या जणींना ऑपरेशन सुरू करायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, जे दाताच्या डॉक्टरकडं हिरडी बधिर करायला देतात तेच औषध, बाकीच्यांना दिलं नाही. निकाल २०२३ ला छापून आला.

आता २९ टक्के म्हणजे काय ते नीट बघा. पाच वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के जिवंत होत्या आणि घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के. म्हणजे शंभरात अंदाजे १४ मृत्यू व्हायचे ते १० झाले. मृत्यूंच्या वेगात जी घट झाली ती २९ टक्के, पण १०० बायकांमागे जीव वाचले सुमारे चार. दोन्ही आकडे खरे आहेत, एकात दुसरं लपतं एवढंच. २९ ऐकून माणसाला वाटतं शंभरातल्या एकोणतीस जणी वाचल्या, तसं नाही. पण उलट चार ऐकून नाक पण मुरडू नका, साधारण २७ जणींना स्वस्तातलं इंजेक्शन दिलं की पाच वर्षांत एक बाई जास्त वाचते, महागड्या औषधांना सुद्धा एवढं जमलं तर लोक खूश होतात.

कुणीही कॅन्सरच्या बाबतीत इतके टक्के फायदा म्हणालं, मग तो डॉक्टर असो, पेपर असो की काढा विकणारा, तर विचारायचं: किती जणींपैकी किती, किती वर्षांत, आणि हे न घेतलेल्यांचं काय झालं? हे तीन आकडे सांगता येत नसतील तर त्या टक्क्यावर पैसे खर्च करू नका.

वहिनींना मात्र आता ते देऊन उपयोग नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो तेव्हा पेशी सुटून पसरू नयेत या कल्पनेवर ते उभं आहे, गाठ निघाल्यावर त्याला काही अर्थ राहत नाही. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या चालू केल्या असतील तर त्या चुकवू नका, त्यांचा फायदा तर कितीतरी मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलाय.

मला एका दवाखान्यात अभ्यासात भाग घ्या म्हणालेत. कुठला उपचार मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार म्हणे. फॉर्म दिला तो कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मला कन्नड बोलता येतं पण एवढं वाचता येत नाही. आमच्यावर प्रयोग करूलालेत काय? भीती वाटतीय.
— एक भगिनी, शहापूर

फॉर्मवर सही करू नका, आधी मराठीत मागा. हा काही भाषेच्या भांडणाचा विषय नाही, २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमात तसं लिहिलंय की भाग घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेतच माहिती आणि संमती पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार पाहिजे. आपल्या भागात मराठी फॉर्म तयार नसणं मला तरी चालत नाही, ज्या बाईनं मराठी शाळेत शिकलंय तिला कॅन्सरच्या फॉर्मवर कन्नडची परीक्षा कशाला? मराठी प्रत नसेल तर त्यांना एथिक्स कमिटीकडून (अभ्यास पेशंटच्या हिताचा आहे ना ते बघणारी समिती) मंजूर करून आणू दे, तोवर तुमचा नेहमीचा उपचार थांबता कामा नये. नाही म्हणालात म्हणून किंवा मधूनच बाहेर पडलात म्हणून उपचार तोडता येत नाहीत. ट्रायलमुळं काही इजा झाली तर उपचार त्यांनी फुकट करायचे. आणि सीटीआरआय म्हणून देशाची सरकारी नोंदवही आहे इंटरनेटवर, ट्रायलचा नंबर त्यात सापडला पाहिजे, घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, तो बघेल.

आता कॉम्प्युटर का. दोन उपचारांत कुठला चांगला हे खरंच माहीत नसतं तेव्हाच असा अभ्यास करता येतो. डॉक्टरनं स्वतः निवडलं तर तब्येतीनं बऱ्या बायका नकळत एका बाजूला जातात आणि मग त्या जास्त जगल्या की वाटतं उपचारानं जगल्या. चिठ्ठी टाकली की दोन्ही गट सारखे होतात.

आणि हे सगळं परदेशातलं समजू नका. २००२ ते २००५ मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी किंवा सबसेंटरमध्ये बाळंत होणाऱ्या १६२० बायका अशाच एका ट्रायलमध्ये होत्या. अर्ध्या जणींना नर्सबाईंनी बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ ला ते लॅन्सेट या मोठ्या नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या खेड्यातल्या त्या बायकांमुळं दुसऱ्या देशांतल्या बाळंतिणी वाचल्या, आणि त्यातल्या कितीजणींना हे कुणी परत येऊन सांगितलं असेल याची मला खंत वाटते. तुम्ही भाग घेतलात तर निकाल आम्हाला कळवणार का हे जरूर विचारा.

खोटेपणा होतो का? होतो. वर सांगितलेल्या फिशर यांच्याच ट्रायलमध्ये मॉन्ट्रियलच्या एका सर्जननं काही बायका नियमात बसाव्यात म्हणून नोंदी बदलल्या होत्या, १९९४ ला ते बाहेर आलं आणि मोठा गदारोळ झाला. त्याच्या सगळ्या पेशंट वगळून परत हिशोब केला, निकाल तोच आला. अनेक दवाखान्यांत मिळून ट्रायल करण्याचा हा फायदा, एकाच्या लबाडीनं सगळं बुडत नाही.

मिसेसच्या डॉक्टरांनी ‘पाच वर्षांचं सर्व्हायवल ८० टक्के’ असं सांगितलं. म्हणजे पाचच वर्षं राहिलीत काय? तिला अजून सांगितलेलं नाही.
— एक वाचक, कंग्राळी

नाही हो दादा, अजिबात नाही. तशा प्रकारच्या १०० बायकांपैकी ८० जणी पाच वर्षांनी जिवंत होत्या एवढाच त्याचा अर्थ, त्यातल्या कितीतरी पुढं वीस-तीस वर्षं पण जगतात. पाच हा फक्त मोजायला थांबायचा टप्पा आहे. आणि आज पाच वर्षांचा आकडा सांगायचा तर तो पाच किंवा जास्त वर्षांपूर्वी उपचार झालेल्यांवरूनच काढावा लागतो, म्हणजे तो मागचा असतो. मिसेसना सांगा, आजच सांगा, तुमच्या चेहऱ्यावरून त्यांनी याहून वाईट काहीतरी ओळखलं असणार.

आमच्या महिला मंडळाला विडी कामगार बायकांसाठी कॅम्प घ्यायचाय. मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रेची) व्हॅन परवडत नाही. नर्सनं हातानं तपासलं तर चालतं का, की उगाच?
— निपाणी

चालतं, आणि त्याला पुरावा आहे. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर हेच बघितलं, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासायचं. २०२१ ला वीस वर्षांचा निकाल आला: तपासलेल्यांमध्ये रोग लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. इथं त्यांनी मृत्यू मोजले हे फार चांगलं केलं, कारण नुसतं ‘सापडल्यापासून किती जगली’ मोजलं तर लवकर सापडल्यामुळंच ते लांब दिसतं, मरणाची तारीख तीच असली तरी.

पण एका दिवसाचा कॅम्प, फोटो, बिस्किटं आणि झालं, असं नको. दोन वर्षांनी परत यायचं आताच ठरवा, पन्नाशीच्या पुढच्यांना आधी बोलवा. नर्सला नीट ट्रेनिंग असू दे. गाठ सापडली तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं, बरोबर कोण जाणार, आयुष्मानचं कार्ड आहे का, हे कॅम्पच्या आधी लिहून ठेवा. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना (फुकट उपचारांची) जाहीर केली होती, त्यावरून दोन सरकारांत वाद झाला, तेव्हा त्याच्या भरवशावर बाईला घेऊन निघू नका, दवाखान्यात आधी फोन करून खात्री करा. आणि विड्यांची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, दिवस मोडला की पैसे गेले, म्हणून कॅम्प हॉलमध्ये नको, त्यांच्या गल्लीतच एखादं घर बघा आणि माल देऊन आल्यावरची वेळ ठेवा.