डॉक्टरांना ‘हे का केले?’ असे विचारणारा डॉक्टर

रुग्णालयातील वरिष्ठ वैद्यकीय पदांविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी एकत्र उत्तर देत आहे. मी स्वतः मराठवाड्यातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात काही वर्षे वैद्यकीय अधीक्षक होतो, त्यामुळे या विषयात मी पूर्णपणे तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : आमचे धर्मादाय रुग्णालय शंभर खाटांचे आहे. प्रशासक अनुभवी आहेत आणि तज्ज्ञ डॉक्टर आपापले विभाग सांभाळतात. आता ‘वैद्यकीय संचालक’ असे नवे पद निर्माण करावे, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. काही विश्वस्तांना हा पगाराचा नुसता बोजा वाटतो. प्रशासक करीत नाहीत, असे कोणते काम ही व्यक्ती करणार?
— एक विश्वस्त, लातूर

उत्तर : लिफ्ट बंद का पडली, बिलाला उशीर का झाला, ऑक्सिजनचा साठा कमी का आहे, हे सारे आपले प्रशासक विचारू शकतात. मात्र या रुग्णाचे पोट उघडण्याची खरोखर गरज होती का, किंवा त्या रुग्णाला संभाजीनगरला पाठवायला रात्रीचे दोन का वाजले, असे त्यांनी विचारले, तर ‘आपण डॉक्टर आहात का?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून वैद्यकीय संचालक लागतो. त्याच्या बाकीच्या जबाबदाऱ्या या एकाच गोष्टीतून निघतात, असे माझे मत आहे.

सुरुवात होते ती कोणाला काय करू द्यायचे, या निर्णयापासून. पदवी तपासणे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहणे, दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणासाठी लागणारे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण जमले आहेत की नाहीत याची खात्री करणे, हे काम चांगला लिपिकही करील. कठीण प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पदवीने शस्त्रक्रियेचा अधिकार मिळतो. पण हीच शस्त्रक्रिया, आपल्याच ओटीत (शस्त्रक्रियागृहात), आपल्याकडे रात्री जेवढी माणसे हजर असतात तेवढ्यांच्या भरवशावर करावी का, याचे उत्तर पदवीत नसते. दोन दिवसांच्या कार्यशाळेहून परतलेले शल्यचिकित्सक सोमवारी दुर्बिणीची नवी शस्त्रक्रिया लावून मोकळे होतात, तेव्हा ‘पहिल्या काही शस्त्रक्रिया अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली होतील’ असे लेखी कळवणारा कोणीतरी हवा असतो.

आपल्या भागात हे विशेष अवघड आहे, आणि त्याचे कारण वैद्यकीय नसून सामाजिक आहे. संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय, म्हणजे आपली ‘घाटी’, १९५६ सालचे. अंबाजोगाईचे १९७४ सालचे. मराठवाड्यातील जुन्या पिढीतल्या डॉक्टरांपैकी बहुतेकांची मुळे या दोन आवारांत सापडतात. जो एकेकाळी वसतिगृहात ज्युनिअर होता, तो पन्नाशीतही सिनिअरला ‘सर’ म्हणतो, आणि सरांना ‘का?’ असे विचारायचे नसते. त्यात मुले एकाच शाळेत आणि घरे एकाच गल्लीत. म्हणून हा निर्णय संचालकाच्या एकट्याच्या धैर्यावर सोडू नये. तो समितीने घ्यावा आणि त्याची लेखी नोंद ठेवावी.

दुसरे काम मृत्यूंच्या परीक्षणाचे. महिनाभरात रुग्णालयात झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कागद उघडून, संबंधित डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिसेविका यांना एकत्र बसवून, कोणत्या तासाला काय वेगळे करता आले असते याची चर्चा करायची. पहिल्या दोन-तीन बैठकांत सगळे जण स्वतःचा बचाव करतात. चौथ्या बैठकीत एखादी सिस्टर हळूच सांगते की, रक्ताची मागणी आठ वाजता केली होती, पिशवी साडेदहाला आली, कारण चिठ्ठी घेऊन जायला माणूसच नव्हता. मग दोष डॉक्टरकडून व्यवस्थेकडे सरकतो, आणि तो दुरुस्त करता येतो. हे कोणाला धारेवर धरण्यासाठी नाही, असा विश्वास बसेपर्यंत संचालकाला संयम ठेवावा लागतो. पण निष्काळजीपणा उघड दिसत असेल, तर ‘व्यवस्था’ या शब्दाआड तो झाकूही नये.

शस्त्रक्रिया मुळात गरजेची होती का, हा प्रश्न मराठवाड्याने फार महागात शिकला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, चौकशी समिती बसली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. बाहेरून नियंत्रण येण्याची वेळ आली, याचा अर्थ आतून ‘तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढण्याआधी औषधोपचार करून पाहिले का?’ असे विचारणारे कोणी नव्हते, किंवा असूनही त्याला विचारता येत नव्हते. आपल्या रुग्णालयात दर तीन महिन्यांनी गर्भाशय काढण्याच्या आणि सिझेरियनच्या केसपेपरांची अशी छाननी झाली, तर पगाराचा बोजा हा मुद्दा विश्वस्त मंडळात पुन्हा निघेल असे मला वाटत नाही.

छोट्या गोष्टींचेही मोल मोठे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासणी-यादी दिली: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी थांबून विचारायचे १९ मुद्दे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादी फुकट मिळते. ती रोज, कंटाळा न करता, शेवटच्या मुद्द्यापर्यंत वाचली जाते की दुपारी एकदम बसून सगळ्या चौकटीत खुणा केल्या जातात, हे पाहणाऱ्या माणसाला मात्र पगार द्यावा लागतो.

शंभर खाटांना पूर्णवेळ पद नसले तरी चालेल. आठवड्यातील तीन दिवस पुरतील. एकच अट पाळावी. संचालकाचे मानधन रुग्णालयाच्या उत्पन्नाशी जोडू नये. आपले रुग्णालय धर्मादाय असल्यामुळे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने देणे आपल्यावर बंधनकारक आहेच. आयसीयूतील शेवटची खाट कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महिन्याचे टार्गेट असेल, तर त्या २० टक्क्यांचे काय होईल ते मी सांगायला नको.

प्रश्न : मी बावीस वर्षे शल्यचिकित्सक म्हणून काम करते आहे. आमच्या रुग्णालयाने मला वैद्यकीय संचालक होण्याविषयी विचारले आहे. प्रॅक्टिस सोडावी का? आणि ज्यांच्यासोबत रोज जेवणाचा डबा खाते, त्या सहकाऱ्यांवर अधिकार कसा चालवायचा?
— एक डॉक्टर, जालना

उत्तर : प्रॅक्टिस पूर्ण सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस ओटी ठेवा. हातमोजे उतरवून खुर्चीत बसलेल्या डॉक्टरचे ऐकणे सहकाऱ्यांना जड जाते, आणि आपल्यालाही दोन वर्षांत वॉर्डातल्या अडचणींचा विसर पडू लागतो. मात्र परीक्षणाची सुरुवात स्वतःच्या केसेसपासून करा. आपल्या हातून झालेली एखादी गुंतागुंत पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर ठेवलीत, तर डब्यातली मैत्री टिकवून अधिकार चालवणे पुष्कळ सोपे जाईल.

पद स्वीकारण्यापूर्वी नेमणूकपत्र नीट वाचा. एखाद्या डॉक्टरची एखादी शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, आणि थांबवल्यावर व्यवस्थापन चोवीस तासांत तो निर्णय फिरवू शकते का, हे त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते पद नसून नुसती पाटी आहे. (पाटीवरून आठवले: आपल्याकडे ‘एम. एस.’ म्हणजे शल्यचिकित्सेची पदवीही आणि मेडिकल सुपरिंटेंडेंटही. माझ्या कारकिर्दीत अनेक नातेवाइकांनी मला पित्ताशयाचे खडे काढायचे किती घेता, असे विचारले आहे. मी फिजिशियन.)

संमतिपत्राचा विषय पहिल्याच महिन्यात हाती घ्या. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही आपल्याकडे दाखल होतानाच, आतला मजकूर न सांगता, कोऱ्या जागा ठेवून अंगठा घेतला जातो. मजकूर रुग्णाला कळेल अशा मराठीत, गरज असेल तिथे उर्दूत किंवा हिंदीत असावा, आणि तो वाचून दाखवणाऱ्याची सही त्यावर असावी.

शेवटचे सांगणे आपल्याला कदाचित आवडणार नाही. रुग्ण दगावल्यावर नातेवाईक जमतात, तेव्हा निवासी डॉक्टरला पुढे करून आपण केबिनमध्ये बसू नका. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा राज्य कायदा आहे आणि गरज पडल्यास तो वापरावा. पण पहिल्या तासाभरात सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने समोर बसून, काय घडले आणि काय अजून समजलेले नाही, हे सरळ सांगितले की पोलिसांना बोलावण्याची वेळ बहुधा येत नाही. मी एकदा हा तास चुकवला. त्या रात्री काचा फुटल्या, आणि त्या फोडणाऱ्यांपेक्षा माझा राग माझ्यावरच जास्त होता.

प्रश्न : माझे थोरले बंधू एका शासकीय रुग्णालयात दगावले. उपचारांविषयी विचारायला मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे गेलो, तर त्यांनी अधिष्ठात्यांकडे पाठवले. गावातल्या ओळखीच्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटायला सांगितले होते. तिघांपैकी जबाबदार कोण?
— एक निवृत्त शिक्षक (गाव छापू नये अशी विनंती)

उत्तर : गुरुजी, आपल्या दुःखात मी सहभागी आहे. आपली फरफट झाली ती तीन अधिकाऱ्यांच्या तीन वेगळ्या हद्दींमुळे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मात्र वेगळ्याच खात्याचे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचे, आणि तिथले प्रमुख अधिष्ठाता. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे शासकीय महाविद्यालये आल्यामुळे जुन्या जिल्हा रुग्णालयांचा कारभारही बदलला. लोकांच्या तोंडी ते अजून ‘सिव्हिल’च आहे, त्यामुळे पावले जुन्याच दाराकडे वळतात. आपल्या बंधूंचे उपचार महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाले असतील, तर अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे करा.

अर्जात आधी केसपेपरच्या प्रती मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. पोच घेतल्याशिवाय परतू नका. कागद हाती आल्यावर मृत्यूचे परीक्षण झाले का, एवढेच विचारा.

‘जबाबदार कोण?’ या आपल्या शब्दांपाशी मात्र मी थोडा थांबतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचे समोर आले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि ते दृश्य सर्वांनी पाहिले. रुग्णालयाच्या प्रमुखाला जाब विचारलाच पाहिजे. पण औषधांची खरेदी राज्य पातळीवर होणार, रिक्त पदे मंत्रालयात भरली जाणार, शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातूनही अत्यवस्थ रुग्ण येत राहणार, आणि हाती झाडू मात्र अधिष्ठात्यांच्या. यात जबाबदारी निश्चित होत नाही, ती फक्त दाखवली जाते. आपल्या अर्जाच्या उत्तरात ‘औषध उपलब्ध नव्हते’ असे लिहून आले, तर त्या औषधाची मागणी कोणत्या तारखेला, कोणाकडे नोंदवली होती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अधिष्ठात्यांनी वेळेवर मागणी नोंदवली असेल, तर ते पत्र त्यांच्याही कामी येईल.

प्रश्न : मी फार्म. डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. औषध कंपन्यांतील ‘मेडिकल अफेअर्स’ विभागात नोकरी करावी असे वाटते. हे एमआरचेच (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचेच) काम आहे का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही, निदान नसायला हवे. एमआर औषध विकतो. मेडिकल अफेअर्समधील व्यक्ती त्या औषधाविषयीचे पुरावे डॉक्टरांना समजावते, दुष्परिणामांच्या नोंदी घेते, आणि जाहिरातीत केलेला दावा अभ्यासात खरोखर आहे का हे तपासून, नसेल तर तो छापू देत नाही. त्यामुळे या विभागाचा प्रमुख विक्रीप्रमुखाच्या हाताखाली असू नये. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४ च्या विपणन संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर आणि परदेशवारी घडवण्यावर बंदी घातली आहे. ती कंपनीत पाळली जाते की नाही, हे सर्वांत आधी याच विभागाला कळते. मुलाखतीला जाल, तेव्हा तुम्ही एक प्रश्न अवश्य विचारा: या विभागाने गेल्या वर्षभरात विक्री विभागाचा एखादा मजकूर अडवला होता का, आणि नंतर त्याचे काय झाले?