वहीच्या पहिल्या पानावरचा ५९ हा आकडा

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे असून उंची १६० सेंटिमीटर आहे. अकरा महिन्यांपूर्वी माझी वजन घटवण्यासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) झाली, तेव्हा वजन ११८ किलो होते. आता ते ८४ किलो आहे. रक्तदाबाची एक गोळी बंद झाली आणि मधुमेहाच्या औषधाची मात्रा निम्म्यावर आली. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी मला जो छापील कागद मिळाला, त्यावर 'आदर्श वजन ५९ किलो' असे लिहिले होते, आणि तोच आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर टार्गेट म्हणून लिहून ठेवला. गेल्या दोन महिन्यांत जेमतेम दोन किलो उतरले आहेत. माझ्यासोबतच शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंचे ४५ किलो उतरले. माझे काय चुकते आहे? ५९ पर्यंत पोहोचायला अजून किती महिने लागतील?

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही, आणि ५९ पर्यंत तुम्ही बहुधा पोहोचणार नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजण्यासाठी आधी हा आकडा आला कोठून ते पाहू.

१६० सेंटिमीटर, म्हणजे १.६ मीटर उंचीचा वर्ग केला की २.५६ येतात, त्याला २३ ने गुणले की ५८.९. म्हणजे त्या कागदाने तुमची उंची घेतली, आशियाई लोकसंख्येसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सुचवलेली बीएमआयची (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ ही सावधगिरीची रेषा घेतली आणि गुणाकार केला. तुमचे सुरुवातीचे वजन, वय, मधुमेह किंवा शस्त्रक्रियेचा प्रकार यांपैकी कशाचाही या हिशेबात समावेश नाही. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याचे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, ते मोठ्या लोकसमूहाचे वर्णन करण्यासाठी. 'बीएमआय' हे नाव त्याला १९७२ मध्ये मिळाले. कोणत्या वजनानंतर समूहात आजारांचा धोका वाढू लागतो हे ते सूत्र ठीक सांगते, पण ११८ किलोंवरून निघालेली एक व्यक्ती कोठे थांबेल हे सांगण्यासाठी ते मुळात नाहीच. 'आदर्श वजन' या शब्दाची कुळकथा तर त्याहून गमतीदार आहे. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने विमाधारकांच्या मृत्यूंच्या नोंदींवरून असे तक्ते बनवले, आणि त्यांच्या १९८३ च्या आवृत्तीतील उंच्या एक इंच टाचेचे जोडे घालून मोजल्याचे गृहीत धरले होते. शस्त्रक्रियेचे यश मोजण्यासाठी कितीतरी वर्षे हेच तक्ते वापरले गेले. उद्दिष्टाला वैद्यकीय शिक्का मारलेला दिसला म्हणजे ते नेमके असेलच, असे मानण्याची घाई करू नये.

आता तुमचा हिशेब दुसऱ्या बाजूने, म्हणजे जेथून निघालात तेथून मांडू. ३४ किलो म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ २९ टक्के. स्लीव्हनंतर पहिल्या वर्ष-दीड वर्षात सरासरीने मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट होते, गॅस्ट्रिक बायपासनंतर (जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) थोडी अधिक. तुमच्या बाबतीत या पट्ट्याचा अर्थ सुमारे ८८ ते ८३ किलो असा होतो, आणि तुम्ही त्याच्या चांगल्या टोकाशी उभ्या आहात. ५९ गाठायचे तर मूळ वजनाचे ५० टक्के उतरवावे लागतील. असे होत नाही असे नाही, पण ज्याची अपेक्षा धरावी इतके ते सामान्य नाही. सोबतच्या बाईंचे सुरुवातीचे वजन तुम्ही लिहिलेले नाही. ते १५५ किलो असेल, तर त्यांचे ४५ किलो आणि तुमचे ३४ किलो ही टक्केवारीत एकच गोष्ट आहे. जास्त वजनावरून निघणाऱ्याचे किलो जास्त उतरतात, म्हणून किलोंची तुलना नेहमीच फसवी ठरते.

गती मंदावली याचेही कारण शरीरात आहे, तुमच्या मनोबलात नाही. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला जातो आणि त्याबरोबर भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा स्रोतही जातो, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत वजन भराभर उतरते. पण ८४ किलोंच्या शरीराला ११८ किलोंच्या शरीराइतकी ऊर्जा लागत नाही, शिवाय घटलेले शरीर खर्चही आवरते घेते. काही महिन्यांनी खाणे आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते आणि काटा थांबतो. बहुतेकांचे सर्वांत कमी वजन बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास दिसते. तेव्हा तुमचे आणखी तीन-चार किलो उतरतील अशी शक्यता आहे, पंचवीस नव्हे.

मला काळजी वाटते ती येथेच. उरलेले पंचवीस किलो हट्टाने उतरवण्यासाठी आधीच लहान झालेल्या जेवणातून आणखी काही वगळले, तर सर्वांत आधी प्रथिने कमी पडतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हा शस्त्रक्रियेनंतरचा सर्वसाधारण दंडक आहे, आणि तो मोडला की चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात, थकवा येतो, केस गळतात. काट्याला मात्र यातला फरक कळत नाही. स्नायू गेले तरी तो 'शाबास' म्हणतो. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या हा या शस्त्रक्रियेच्या कराराचा आयुष्यभराचा भाग आहे, आणि उपासाच्या भरात नेमक्या त्याच चुकतात. वारंवार उलट्या होत असतील तर बी-१ या जीवनसत्त्वाची कमतरता मज्जासंस्थेला इजा करू शकते, म्हणून तसे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : एवढे वजन उतरल्यावर पोट, दंड आणि मांड्यांवर जी सैल त्वचा उरते तिचेही काही किलो वजन असते, आणि ते कोणत्याही आहाराने जात नाही.

मग वहीत काय लिहावे? एका आकड्याऐवजी पट्टा लिहा. तुमच्यासाठी मी ७८ ते ८४ असा लिहीन. पाणी, मासिक पाळी, मीठ यांमुळे वजन आठवड्याभरात एक-दोन किलो सहज वरखाली होते, म्हणून एकाच आकड्यावर निशाण धरले की दर सोमवारी नवे अपयश पदरी पडते. पट्ट्याखाली ज्या गोष्टी काटा मोजत नाही त्या लिहा, आणि त्याही मोजता येतील अशाच : एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) किती, किती गोळ्या उरल्या, किती जिने न थांबता चढता येतात, खाली बसून हाताचा आधार न घेता उठता येते का. मधुमेहाच्या औषधाची मात्रा निम्म्यावर येणे या तुमच्या पत्रातल्या सर्वांत मोठ्या बातमीला तुम्ही एक ओळ दिली आणि ५९ ला उरलेले पत्र दिले. वजनाबाबत आपण सगळे हेच करतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आहारोपचार सुरू करणाऱ्या ६० स्त्रियांना त्यांचे उद्दिष्ट विचारले, तेव्हा त्यांनी सरासरी ३२ टक्के घटीची अपेक्षा सांगितली होती. जवळजवळ वर्षभराने सरासरी १६ किलो उतरले, वैद्यकीयदृष्ट्या ते उत्तम होते, आणि तरीही जवळपास निम्म्या स्त्रिया स्वतःच 'निराशाजनक' म्हणून ठरवलेल्या वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी माझा गॅस्ट्रिक बायपास झाला. वजन १४२ किलोंवरून दीड वर्षात ९१ झाले होते. माझे टार्गेट ९० होते, म्हणजे किलोभराने हुकले. आता वजन ९९ आहे आणि शस्त्रक्रिया वाया गेली असे घरचेही म्हणू लागले आहेत. मी पुन्हा ९० हेच उद्दिष्ट ठेवावे का? (वय ५१)

उत्तर : ठेवू नये. सर्वांत कमी नोंदलेले वजन हे मुक्कामाचे ठिकाण नसते; झोका जसा टोकाला जाऊन थोडा मागे येतो तसा तो एक क्षण असतो, आणि तेव्हा शरीर अजून तुटीत चाललेले असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यात बायपास झालेल्यांची घट पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के होती, आणि दहा वर्षांनी ती २५ टक्के उरली होती. तुमची घट टोकाला ३६ टक्के होती आणि आज पाच वर्षांनी ३० टक्के आहे. उतरवलेल्या ५१ किलोंपैकी ४३ आजही उतरलेलेच आहेत, हे घरच्यांना कागदावर मांडून दाखवा.

आता तुम्हाला उद्दिष्टापेक्षा धोक्याची रेषा अधिक उपयोगी पडेल. तुमच्यासाठी ती १०२ किलो ठरवू. दोन महिने सलग वजन तिच्या वर राहिले तर स्वतःला दोष देत न बसता शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे जावे, कारण वजन परत येण्याची कारणे तपासता येण्यासारखी असतात : घोटाघोटाने दिवसभर पोटात जाणारी गोड पेये, बायपासनंतर फार लवकर चढणारे मद्य, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा काही मानसोपचाराची औषधे, थायरॉइड, अपुरी झोप, क्वचित जठराच्या लहान पिशवीचे किंवा तिच्या तोंडाचे रुंदावणे. भूक कमी करणारी इंजेक्शने आता शस्त्रक्रियेनंतरही दिली जातात आणि ती घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. ८ किलो परत येण्याचा काळ मात्र आठवून पाहा. ते साडेतीन वर्षांत हळूहळू आले असतील तर अपेक्षितच आहे. शेवटच्या सहा महिन्यांत आले असतील तर १०२ ची वाट पाहू नका.

प्रश्न : माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. वय २७, वजन १०४ किलो. अर्जात 'अपेक्षित वजन' असा रकाना आहे. आई म्हणते ५५ लिही, मला ६० लिहावेसे वाटते. काय लिहू?

उत्तर : '७३ ते ७८' असे लिहा आणि शस्त्रक्रियातज्ज्ञांना तो पट्टा दाखवून त्यांचे मत विचारा, तुमच्या तपासण्या त्यांच्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत. हा पट्टा १०४ मधून २५ ते ३० टक्के वजा करून आलेला आहे. ५५ आणि ६० मध्ये पाच किलोंचे अंतर असले तरी दोन्ही आकडे एकाच मुळातून, पाहण्या-दिसण्यातून आलेले दिसतात, आणि त्या रकान्यासमोर आईने बसू नये हे त्यांना आदराने सांगितलेले बरे. तुमच्या वयाचा विचार करता एक व्यावहारिक गोष्ट आजच ठरवून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावेपर्यंत, म्हणजे साधारण बारा ते अठरा महिने, गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो, आणि वजन उतरू लागले की अनियमित पाळी सुरळीत होऊन गर्भधारणेची शक्यता अनपेक्षितपणे वाढते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण पुरेसे होईल याची खात्री नसते; स्लीव्हमध्ये ही शंका कमी आहे, तरी पर्यायांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेच्या आधीच बोला. पुढे गरोदर राहाल तेव्हा हा पट्टा पूर्ण बाजूला ठेवायचा आहे, आणि बाळंतपणानंतर तो डॉक्टरांसोबत नव्याने ठरवायचा आहे.