हवा भरली, मग फुफ्फुस बसलं कसं?

तुमच्या २२ वर्षांच्या भावाला ना मार लागला, ना खोकला होता, तरी उजवं फुफ्फुस बसलं. आई जिमला दोष देतेय, डॉक्टर म्हणतात ‘हवा भरलीय’. हवा भरली तर फुफ्फुस फुगायला हवं ना, असं तुम्ही विचारलंय. मला हे दोनदा झालंय, आणि पहिल्या वेळी मीही हेच विचारलं होतं.

हवा भरलीय ती फुफ्फुसात नाही, फुफ्फुसाच्या बाहेर. एक पातळ आवरण फुफ्फुसावर असतं, दुसरं बरगड्यांच्या आतल्या बाजूला, आणि मध्ये जेमतेम एक-दोन चमचे पाणी. घासून एकावर एक ठेवलेल्या स्टीलच्या ओल्या ताटल्या आठवा. सरकतात, पण सरळ ओढल्या तर सुटत नाहीत. फुफ्फुस रबरासारखं, त्याला कायम आक्रसायचं असतं; छातीचा पिंजरा बाहेर ओढतो. या रस्सीखेचीमुळे मधल्या फटीतला दाब शांत बसल्यावरही बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका कमी असतो. थोडक्यात, फुफ्फुस स्वतःच्या जोरावर फुगलेलं नसतं, ते ताणून धरलेलं असतं. त्या फटीत हवा शिरली की पकड सुटते आणि ते आपोआप आक्रसतं. दुसऱ्या बाजूची फट वेगळी असल्यामुळे तिकडचं फुफ्फुस काम करत राहतं.

मार नसताना हवा शिरते कुठून? बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या शेंड्याला बारीक फोड असतात, त्यातला एखादा फुटतो. उंच, सडपातळ तरुण मुलांत हे जास्त. उंच छातीत शेंड्यावर ताण अधिक पडतो, हे त्याचं एक कारण मानतात. सिगारेटने धोका कैक पटींनी वाढतो. जिमला फारसा दोष देता येत नाही. बरेचदा हे माणूस नुसता बसलेला असताना होतं. मी बसची वाट बघत उभा होतो. खांद्यापाशी कळ आली, मला वाटलं उसण भरली. (दमा, सीओपीडी म्हणजे श्वासनलिका आक्रसण्याचा जुनाट आजार, किंवा टीबीमुळे आधीच खराब झालेलं फुफ्फुस बसलं तर प्रकरण जास्त गंभीर असतं.)

आता हवा काढायला छातीत घालतात ती नळी आणि तिला जोडलेली बाटली. नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असतं. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, उलटी आत येत नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतं, मी तासन्‌तास तेच बघत पडायचो. खोकल्यावर बुडबुडे आले तर घाबरू नका. बाटली मात्र छातीच्या खालीच हवी. मला एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयने ती स्ट्रेचरवर पायाशी ठेवली, तेव्हा सिस्टर धावत आल्या होत्या. पाणी उलटं छातीत जाऊ शकतं.

हवा थोडी असेल तर नळी लागतही नाही, शरीर ती रोज छातीच्या त्या बाजूच्या आकारमानाच्या साधारण दीड-दोन टक्के या वेगाने शोषून घेतं. ऑक्सिजनचा मास्क लावला की रक्तातला नायट्रोजन कमी होतो आणि अडकलेली हवा लवकर रक्तात ओढली जाते. मास्क फक्त दम लागतो म्हणून नसतो.

एका प्रकारात मात्र क्षणही घालवायचा नसतो. फुटलेली जागा झडपेसारखी वागते, हवा आत जाते पण परत येत नाही. दाब वाढत हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बीपी कोसळतं. तिथे एक्स-रेची वाट न बघता डॉक्टर छातीत सुई घालतात. घरी आल्यावर अचानक धाप वाढली, ओठ निळे पडले, घेरी आली तर थेट १०८.

साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. माझं दुसऱ्यांदा झालं तेव्हा दुर्बिणीतून फोड काढून दोन्ही आवरणं चिकटवली. विमानप्रवास एक्स-रे स्वच्छ आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच. स्कूबा डायव्हिंगचं नाव काढू नका. जिम कधी सुरू करायची तेही डॉक्टरच सांगतील, पण भाऊ सिगारेट ओढतो का, हे आई खोलीत नसताना विचारा.