ड्युटी सांभाळून देवधर्म: परदेशी गेलेल्यांसाठी आणि सोलापुरातल्या त्यांच्या घरच्यांसाठी

घरून फोन आला की जेवणाची चौकशी झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "दिवा लावतोस ना? सोमवार धरतोस ना?" एका खोलीत चार-सहा जण, पहाटेची बस आणि ओव्हरटाइम असताना घरासारखी पूजा होत नाही. मग खोटं "हो" सांगितलं जातं, नाहीतर सगळंच सुटतं. त्यापेक्षा दहा मिनिटांचं एकच नित्यकर्म ठरवा आणि घरच्यांनीही तेवढ्यालाच पूर्ण पूजा माना.

इष्टलिंगधारी, म्हणजे अंगावर छोटं लिंग धारण करणाऱ्या लिंगायत घरातल्यांना हे सोपं जातं, कारण तळहातावरच्या पूजेला देवघर लागत नाही. एक अडचण विमानतळावर येते. चांदीची करडगी, म्हणजे इष्टलिंग ठेवायची डबी, डिटेक्टरवर वाजते. तपासणारे ती ओढून काढू लागण्याआधी "धार्मिक वस्तू आहे, बाजूला घेऊन तपासा" असं शांतपणे सांगा. इतरांनी तळहाताएवढी तसबीर, कुंकवाची डबी आणि जपमाळ एका छोट्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. शेअर खोलीत उदबत्ती, धूप आणि कापूर टाळाच. धुराने अलार्म वाजतो आणि कामगारांच्या कॅम्पमध्ये उघड्या ज्योतीला बहुधा मनाईच असते. बॅटरीचा दिवा चालतो. नवरात्रातला अखंड दिवा सोलापूरच्या घरी तुमच्या नावाने तेवू द्या. रिकाम्या खोलीत ज्योत ठेवून ड्युटीवर जायचं नाही.

उपवासाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आषाढी आणि श्रावण आखातातल्या सर्वात कडक उन्हात येतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरच्या कामाला बंदी असते, पण सकाळच्या पाळीतही घाम भरपूर जातो. साइटवर असाल तर निर्जळी करायचीच नाही. दर १५-२० मिनिटांनी साधारण एक कप पाणी प्यावं लागतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन पायात गोळे येतात. म्हणून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून बाटली सोबत ठेवा. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलीचा घ्या. उपवासाला सैंधव चालतं, तेच वापरा. नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. तो जवळपास सगळा स्टार्च, दोन तासांत भूक लागते आणि हात थरथरतात. खिचडीत दाण्याचा कूट सढळ घाला, सोबत दही किंवा ताक घ्या. चक्कर आली, लघवी गडद झाली किंवा घाम यायचा थांबला तर उपवास तिथेच सोडून सावलीत जा आणि सुपरवायझरला कळवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका.

कामाच्या दिवशी नेमाने जेवून उपवास सुट्टीच्या दिवशी धरला तरी श्रद्धा कमी होत नाही. एकभुक्त आणि नक्त, म्हणजे दिवसातून एकदा किंवा फक्त रात्री जेवणं, हे प्रकार परंपरेतलेच आहेत. आईने फोनवर "आज उपवास सोड" एवढं म्हटलं तरी मुलाच्या मनावरचं ओझं उतरतं.

तिथीचा घोळ वेगळाच. एकादशी त्या गावच्या सूर्योदयावर ठरते, म्हणून न्यूयॉर्कला ती कधी आपल्या आदल्या दिवशी येते. पंचांगाच्या ॲपमध्ये राहत्या शहराचं नाव टाका. संकष्टीला तर जून-जुलैत लंडनचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. सकाळची पाळी असेल तर सोलापूरच्या चंद्रोदयाची वेळ धरून उपवास सोडा. फक्त वर्षभर एकच रीत ठेवा, म्हणजे घरी वाद होत नाहीत.

सामान बांधताना आईच्या मायेला आवर घालावा लागतो. खसखशीवर अमिरातीत बंदी आहे आणि घरच्या काळ्या तिखटात ती हमखास असते, अनारशांवरही असते. तिखट करतानाच ती वगळा. शिवाय अख्खं सुकं खोबरं बॅगेत टाकू नका. ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात अडवतात. कापूर आणि काडेपेट्याही घरीच ठेवा. ब्रिटन आणि युरोपात दुधाचे पेढे नेता येत नाहीत, प्रसाद म्हणून खडीसाखर किंवा बत्तासे द्या. अमेरिकेला तांदूळ नेता येत नाही. तिथल्या दुकानातले अखंड तांदूळ हळद-कुंकवात माखले की अक्षता तयार. ताजा बेल, तुळस आणि माती कुठेच नेऊ नका. भस्माची पुडी मूळ पॅकमध्ये राहू द्या; साध्या कागदातली पांढरी पूड पाहून प्रश्न होतात. शेंगाचटणी मात्र घट्ट पॅक करून खुशाल न्या, ऑस्ट्रेलियाला जाताना ती फॉर्मवर लिहा.

सौदीत इतर धर्मांच्या सार्वजनिक पूजेला परवानगी नाही. खोलीत, दार लावून जे करायचं ते करा. अमिरातीत परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं गुन्हा आहे, तेव्हा कॅम्पात गणपतीसाठी पावती पुस्तक फिरवू नका. दर्शनाला जेबेल अलीचं मंदिर आहे, अबू धाबीचं २०२४ मध्ये उघडलं.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला असते, त्यामुळे रजेचा अर्ज सप्टेंबरमध्येच टाकता येतो. रजा नाही मिळाली तर यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं प्रतीकात्मक लग्न, थेट पाहण्याची वेळ आधी हिशेबात धरा. सोलापूरला दुपारचा एक म्हणजे दुबईला साडेअकरा, लंडनला सकाळचे साडेसात आणि न्यूयॉर्कला रात्रीचे अडीच. सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्यावर "दिड्डम दिड्डम सत्यम सत्यम" हा गजर सुरू झाला की खोलीतल्या सगळ्यांच्या हाती अक्षता द्या.

शेवटची गोष्ट कुणाला बोलायची नसते, पण आधी बोलून ठेवलेली बरी. घरात कुणी गेलं आणि मुलगा पोहोचू शकला नाही तर क्रिया कोण करणार हे भावकीत ठरवून ठेवा. सुतक तो तिथेही पाळू शकतो. इष्टलिंगधारी लिंगायत परंपरा तर सुतक मानतच नाही. एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत, पासपोर्ट स्वतःकडेच असावा आणि त्याची मुदत सहा महिन्यांहून जास्त असावी. निघताना कंपनीकडून रजा लेखी घ्यावी, नाहीतर परतीचा व्हिसा अडकतो. मुंबईचं तिकीट मिळालं नाही तर हैदराबादचं पाहा. तिथून सोलापूर रस्त्याने साधारण ३०० किलोमीटर आहे. आणि बातमी लपवू नका. त्याच्या एका रूममेटचा नंबर घरी लिहून ठेवा, आधी त्याला फोन करा, तो शेजारी बसल्यावर मग मुलाला सांगा.