हापूस घरीच ठेवा, बाकी बोला! भूमध्य समुद्राकाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की इटली, ग्रीस, स्पेन, तुर्कस्तान या भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांत पहिल्यांदाच जाणार असाल तर नक्की कुठे अडतंय ते कळवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर व्हॉइस नोट पण आल्या (कृपया लिहूनच पाठवत जा हो). सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि मोठी पत्रं कापलीत, रागावू नका.

बोरिवलीहून एक वाचक विचारतात: ताई, आम्ही चौघं आहोत, मुलं आठ आणि तेरा वर्षांची. मे महिन्यात १२ दिवसांत इटली, ग्रीस, तुर्कस्तान आणि जमलं तर स्पेन करायचंय. एवढा खर्च करून जातोय तर सगळंच बघून यावं असं मिस्टरांचं म्हणणं आहे. व्हिसा एकच लागतो ना?

आधी व्हिसाचं सांगते, मग मिस्टरांकडे वळू. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस आणि २०२३ पासून क्रोएशिया हे सगळे शेंगेन व्हिसात (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसात) येतात, तुर्कस्तान येत नाही. त्यामुळे इटली बघून तुर्कस्तानला गेलात आणि तिथून ग्रीसला आलात तर तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरताय, आणि व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर दारातच अडवतील. असला रूट असेल तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागायची. तुर्कस्तान शेवटी ठेवलंत तर हा प्रश्नच येत नाही, आणि शेंगेन व्हिसा चालू असला की त्यांचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, फक्त अटी त्यांच्या सरकारी साइटवर बघून घ्या.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अपॉइंटमेंट पटकन मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकायचा हे एजंट लोक सुचवतात, ते करू नका. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. म्हणजे तुमच्या धाकट्याला अर्धी आणि मोठ्याला पूर्ण. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा लागतो, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि दोन कोरी पानं हवीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्यासाठी अख्खी मुंबई एकाच वेळी जागी होते, म्हणून जानेवारीतच कामाला लागा, परीक्षा संपायची वाट बघू नका. अजून एक, ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन एंट्री करायला सुरुवात झालीये (बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत), त्यामुळे उतरल्यावर रांग लागू शकते, तेव्हा लगेच दीड तासात पुढचं विमान असं बुकिंग टाळा.

आता मिस्टर. त्यांना सांगा की शहर बदललं की अर्धा दिवस जातो. चेकआउट, बॅगा, स्टेशन, नवीन हॉटेलात दोन वाजेपर्यंत खोली नाही, मुलं कंटाळलेली. चार देश केलेत तर विमानतळ जास्त बघाल आणि समुद्र कमी. माझं ऐकाल तर फक्त इटली करा. रोम चार-पाच दिवस, फ्लॉरेन्स तीन, उरलेले नेपल्स आणि तिथून पाँपेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं शहर. रोम ते नेपल्स फास्ट ट्रेनने साधारण सव्वा तास लागतो आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. रीजनल म्हणजे साध्या ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर खिशात तिकीट असून दंड भरावा लागतो. ग्रीस पुढच्या वेळी. ते कुठे पळून जात नाहीये.

विलेपार्ल्याहून एक वाचक: आईबाबा सत्तरीचे आहेत. जुलैमध्ये इथल्या पावसात अडकण्यापेक्षा त्यांना ग्रीसला न्यावं म्हणतोय. गरमीची तर आम्हाला सवयच आहे.

नका नेऊ जुलैत. तिकडे आपल्या अगदी उलटं असतं, पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. अथेन्समध्ये पारा चाळीसच्या घरात जातो, घाम जाणवत नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो आणि सूर्य रात्री साडेआठ-नऊपर्यंत मावळत नाही. जुलै २०२३ मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा टेकडीवरची प्राचीन मंदिरं म्हणजे अ‍ॅक्रोपोलिस दुपारचे काही तास चक्क बंद ठेवत होते. वर संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की धडधाकट माणूस घसरतो. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचं वारं सुटतं आणि बोटी रद्द होतात, बेटावर अडकलात तर परतीचं विमान गेलं समजा. म्हणून बेट कुठलंही असो, परतीच्या विमानाच्या निदान एक दिवस आधी अथेन्सला परत यायचं, हे सगळ्यांनाच सांगते.

एप्रिल शेवट ते जून सुरुवात किंवा मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर, हे दोन काळ उत्तम. समुद्रात उतरायचं असेल तर सप्टेंबरच, कारण मे महिन्यात पाणी अजून चांगलंच गार असतं. बरेच जण दिवाळीच्या सुट्टीचं विचारतात. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात आली तर छोट्या ग्रीक बेटांवर अर्धी हॉटेलं, खानावळी बंद झालेल्या असतात, बोटीही कमी. तेव्हा रोम, सिसिली, सेव्हिल, अथेन्स शहर हे मात्र छान, गर्दी कमी आणि हवा मस्त. इटलीत ऑगस्ट टाळा, १५ ऑगस्टला त्यांचा मोठा सण असतो, त्या आसपास शहरातले लोक समुद्रावर पळतात आणि गल्लीतली दुकानं कुलूपबंद.

आईबाबांसाठी अजून एक. सांतोरिनी बेटावर जुन्या बंदरातून वर ‘फिरा’ नावाच्या गावात यायला ५८८ पायऱ्या आहेत, तिथे केबल कार आहे तीच घ्यायची, गाढवावर बसवू नका (गाढवांचे हाल बघवत नाहीत तो भाग वेगळा). अ‍ॅक्रोपोलिसला ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, आधी चौकशी करून ठेवा. आणि हॉटेल बुक करताना फोटोपेक्षा ‘लिफ्ट आहे का’ हे विचारा, जुन्या भागातल्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा नसते.

मुलुंडहून एक वाचक: सासूबाई बरोबर आहेत. अंडंसुद्धा खात नाहीत, चतुर्थी कडक पाळतात. त्यांनी तिकडे खायचं काय? आणि जाताना घरून काय काय नेता येतं? भाचीला हापूसची पेटी द्यायची आहे.

या प्रश्नावर अख्खा अंक काढता येईल. सगळे घाबरतात पण हा भाग शाकाहाऱ्यांना युरोपात सगळ्यात सोपा, निदान ग्रीस आणि इटली तरी. ग्रीक लोक स्वतः वर्षातले कितीतरी दिवस उपास करतात, त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही, त्यामुळे असं जेवण त्यांना नवीन नाही. बेकरीत किंवा खानावळीत ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपासाचं म्हणून विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्या उपासाला कालवं, माकुळ, ऑक्टोपस चालतं! तेव्हा भाजीचंच पाहिजे हे नीट सांगायचं. तेलात मंद शिजवलेल्या फरसबी-भेंडीच्या भाज्या, टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे वाल, तांदूळ भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, सांतोरिनीचं फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा ना, सासूबाईंना आवडेल बघा, लिंबू पिळून द्या.

इटलीत मार्घेरिता सगळ्यांना माहीत असतो, पण मारिनारा पिझ्झावर चीजही नसतं, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो. त्यावर कधीकधी अँकोव्ही नावाचे बारके खारट मासे टाकतात म्हणून आधी विचारा. छोले घातलेला पास्ता मिळतो तोही चांगला, सूप मात्र मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारल्याशिवाय घेऊ नका. कडक पाळणाऱ्यांनी एक जाणून घ्या, खरं पार्मेजान चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला) वापरतात, त्यामुळे चीज नको म्हटलेलं बरं. स्पेन थोडं अवघड. ‘व्हेजिटेरियन’ सँडविच म्हणून टूना घातलेलं पुढे येतं आणि त्यांच्या मते ती भाजीच. तिथे टोमॅटो चोळलेला पाव, पातातास ब्रावास म्हणजे तिखट सॉसमधले तळलेले बटाटे, तळलेल्या हिरव्या पाद्रोन मिरच्या यावर भागतं. जेवायला रात्री नऊच्या आधी बरीच किचन उघडत नाहीत, त्यामुळे सासूबाईंची आठची वेळ असेल तर जवळ काहीतरी ठेवा.

चतुर्थीला बटाटा, फळं, खजूर, दाणे सगळीकडे मिळतात. राजगिऱ्याचे लाडू घरून न्या.

आता नेण्याचं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, साजूक तूप, सगळं गेलं. ताजी फळं-भाज्यासुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी नाही म्हणजे नाही, कढीपत्ताही नाही. गंमत म्हणजे यातून पाच फळांना सूट आहे, अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन (फणसासारखं एक फळ). म्हणजे भाचीला आंबा नाही देता येत पण नारळ देता येतो, ओटी भरून टाका! चिवडा, चकली, भाकरवडी, मेतकूट, थेपले यांना काही अडचण नाही.

दादरहून एक वाचक: पैसे कसे न्यायचे? फॉरेक्स कार्ड, कॅश की आपलं क्रेडिट कार्ड?

तिन्ही, थोडं थोडं. फॉरेक्स कार्डवर (आधीच युरो भरून नेतात ते) मुख्य रक्कम, क्रेडिट कार्ड हॉटेलच्या डिपॉझिटसाठी, आणि थोडे सुटे युरो. दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारतं की रुपयात पैसे घेऊ की युरोत, तेव्हा न चुकता युरो दाबायचं, रुपये दाबलेत की त्यांच्या मनाचा रेट लागतो. क्रेडिट कार्डावर इंटरनॅशनल वापर ॲपमधून चालू करून जा आणि आपलं सिम फोनमध्येच राहू द्या, ओटीपी त्याच नंबरवर येणार, तिकडच्या इंटरनेटसाठी ई-सिम घ्या. हॉटेलात रूमच्या पैशांवर वेगळा टुरिस्ट टॅक्स मागतील, ती फसवणूक नाही. इटलीत बिलात ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार म्हणून माणशी दोनतीन युरो लावतात, तोही नेहमीचाच, टिप वेगळी द्यायची सक्ती नसते. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायलात तर स्वस्त, बसलात की महाग. टूर पॅकेजवर कापलेला टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा कर) इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो, पावती फेकू नका.

परळहून: पाकीटमार खरंच इतके आहेत का?

आहेत. बार्सिलोनाचा ला राम्ब्ला हा रस्ता, रोमची मेट्रो आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. विरार फास्टमध्ये जशी बॅग पुढे धरता तशीच धरा, बाकी मुंबईकराला शिकवायला नको. सही मागणारे, हातात दोरा बांधणारे, गुलाब देणारे यांच्यासमोर थांबायचंच नाही. फुटपाथवरची नकली पर्स इटलीत घेऊ नका, तिथे घेणाऱ्यालाही दंड आहे.

चेंबूरहून: तिकिटं तिथे जाऊन काढली तर चालतील?

थोड्याच ठिकाणी. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलहम्ब्रा या जुन्या किल्ल्या-महालाचं तिकीट नावावर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो आणि आतल्या नासरी महालाची ठरलेली वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. कोलोसियमचं तिकीटही नावानिशी. बार्सिलोनाचं सग्रादा फमिलिया चर्च ऑनलाइनच. अ‍ॅक्रोपोलिसला वेळेचा स्लॉट घ्यायचा, २०२५ पासून तिकीट ३० युरो झालंय, सकाळचा पहिला स्लॉट घ्या. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट, आणि त्या दिवशीची रांग बघून तुम्हाला लालबाग आठवेल. फ्लॉरेन्सचं उफ्फीत्सी हे चित्रांचं म्युझियम सोमवारी बंद. चर्चमध्ये खांदे, गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी पर्समध्ये टाका, काम भागतं.

गोरेगावहून: गाडी भाड्याने घेऊन फिरायचा विचार आहे.

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. इटलीच्या जुन्या शहरांत झेडटीएल म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनंतर भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. शहरात गाडी नकोच, खेडोपाडी घ्या. डावीकडूनच चालवायची सवय सुटत नसेल तर माल्टा आणि सायप्रस, तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि प्लगही ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे, तेवढा ॲडॅप्टर वेगळा न्यावा लागेल. बाकी देशांत दोन गोल पिनांचे प्लग, मोबाइलचे चार्जर बहुतेक थेट बसतात.

गिरगावहून एक आजी (अक्षर फार सुंदर आहे हो आजी तुमचं): बाथरूममध्ये पाण्याची सोय असते का?

इटलीत बहुतेक सगळीकडे कमोडच्या शेजारी बिडे म्हणजे धुण्यासाठी नळाचं बुटकं बेसिन असतं, तिथे निश्चिंत. इतर ठिकाणी जेट नसतो, एक प्लॅस्टिकची छोटी बाटली किंवा पाण्याचा मग नेलात तर कुणी हसत नाही. ग्रीसमध्ये मात्र टिश्यू कमोडमध्ये टाकायचा नाही, पाइप अरुंद असतात, शेजारी झाकणाची बादली ठेवलेली असते त्यात टाकायचा. नळाचं पाणी रोममध्ये बिनधास्त प्या, रस्त्यावर लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, बाटली भरून घ्या. छोट्या ग्रीक बेटांवर मात्र विकतचंच घ्या. गुडघ्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही, आणि काही झालंच तर ११२ फिरवा, इटली, ग्रीस, स्पेन सगळीकडे तोच नंबर.